पाणी पाळणारी माणसं

कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात पिशव्या भरणाऱ्यांचे हात बघण्यासारखे असतात. जाळीनं मासे उचलायचे, पाण्यासकट पिशवीत सोडायचे, वरची हवा दाबून काढायची, सिलिंडरची नळी आत घालून पिशवी टम्म फुगवायची, तोंडाला पीळ देऊन त्यावर रबरबँड चढवायचा. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. एवढ्या शिदोरीवर गप्पी, मॉली, एंजल, टायगर बार्ब थर्माकोलच्या खोक्यात बसून दिवसभराचा प्रवास करतात. यातले बरेच आधीच लांबून आलेले असतात. चेन्नईचं कोळत्तूर आणि कोलकात्यालगतचा हावडा हे आपल्या देशातले शोभिवंत माशांच्या पैदाशीचे मोठे पट्टे आहेत.

पिशवी घरी जाते. तिथे आदल्या रात्री भरलेली कोरी करकरीत टाकी वाट बघत असते. मासे सोडले जातात, घरातली लहानगी काचेला नाक लावून बसतात, आणि आठवड्याभरात एकेक मासा वर तरंगायला लागतो. खाद्य चांगलं, पंप चालू, पाणी काचेसारखं स्वच्छ. तरी मासे का मेले, हे कोणालाच कळत नाही. बहुतेक घरांत हा छंद इथेच संपतो आणि टाकी माळ्यावर जाते.

हा लेख त्यानंतरही टिकून राहणाऱ्यांविषयी आहे. मासा शेपूट हलवत दारात येत नाही, मांडीवर बसत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. त्याला कुरवाळता येत नाही. तरी ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, पुण्याच्या वाड्यांत, सोलापूरच्या गॅलरीत माणसं वर्षानुवर्षं टाक्या सांभाळतात आणि रविवारची सकाळ बादल्या वाहण्यात घालवतात. त्यांच्याशी बोलायला बसलं, की ती माशांबद्दल थोडं बोलतात आणि पाण्याबद्दल भरभरून. या छंदाचं सगळं आकर्षण तिथे आहे, असं मला वाटतं.

न दिसणारं बिऱ्हाड

मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलं खाद्य कुजलं, की त्यातूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशा टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं. तिथून तो जाणार कुठे? अमोनियाला रंग नाही. कल्ले पोळून निघेपर्यंत पाणी स्वच्छच दिसतं. नव्या टाकीतले मासे मरतात ते या न दिसणाऱ्या विषानं.

यावरचा उपाय बाटलीत नसतो, तो टाकीतच वाढवावा लागतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद ते काढून घेतं. मग दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे पुष्कळच सौम्य. वनस्पती ते खातात आणि उरलेलं दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलून काढता येतं. जिवाणूंचं हे बिऱ्हाड वाळूत, दगडांवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात थाटलं जातं, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. छंदी मंडळी याला ‘टाकी सायकल होणं’ म्हणतात.

या बिऱ्हाडाची माहिती विज्ञानालाही टप्प्याटप्प्यानं झाली. नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतो, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. टाक्यांमध्ये ते काम प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८मध्ये पुढे आलं. मग २०१५मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिलं, की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्यानंच पुरा करतात. त्यातल्या एका गटाला हे जिवाणू सापडले ते मासे वाढवण्याच्या यंत्रणेतल्या फिल्टरमध्ये. शंभर वर्षांहून अधिक काळ हे काम दोघांत वाटलेलं आहे असं मानलं जात होतं, आणि ते एकट्यानं करणारा जीव माशांच्या गाळणीत राहत होता.

हे समजलेला माणूस टाकीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. स्पंज मळला म्हणून तो नळाखाली खसाखसा धूत नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो स्पंज हलक्या हातानं पिळतो. नवं पाणी घालण्याआधी त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकतो. आणि नवी टाकी मांडली, तर पहिला महिनाभर मासे आणतच नाही. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहतो, थेंबांच्या किटनं अमोनिया मोजत राहतो. पाहुणे विचारतात, मासे कुठायत? यजमान मात्र परीक्षानळीचा रंग हिरव्यावरून पिवळ्यावर आला म्हणून आनंदात असतो. हा आनंद ज्याला कळला, तो या छंदातून बाहेर पडत नाही.

दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी

मासे पाळणं फार जुनं आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, कुंडांमध्ये सोनेरी मासे हौसेनं जोपासले जात. पण कुंडातला मासा वरून दिसतो. बाजूनं, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघायचं, तर काच हवी, आणि बंद काचेतलं पाणी जिवंत ठेवायची विद्या हवी.

ती विद्या शोधणाऱ्यांत आघाडीवर होती जान व्हिलप्रे-पॉवर ही फ्रेंच स्त्री. सिसिलीतल्या मेसिना इथे १८३०च्या दशकात तिनं काचेच्या टाक्या करवून घेतल्या आणि त्यांत आर्गोनॉट हा समुद्री जीव ठेवून त्याचा अभ्यास केला. आपलं शंखासारखं कवच हा प्राणी स्वतःच घडवतो, दुसऱ्याचं पळवत नाही, हे तिनं सिद्ध केलं. पुढे लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, हिशेब जुळेल, अशी अपेक्षा. पण गळलेली पानं कुजली आणि पाणी गढूळ झालं. तेव्हा त्यानं आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. १८५०मध्ये त्यानं हे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तीनच वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं.

वॉरिंग्टनला जिवाणूंचं काम ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट त्यानं नेमकी पकडली. टाकी टिकते ती त्यातल्या देखण्या जिवामुळे नव्हे. मेलेलं, गळलेलं, टाकलेलं संपवणारे जीव तिला टिकवतात.

आपल्याकडे काचेपलीकडच्या माशाशी मराठी मुलांची पहिली भेट अनेक पिढ्या एकाच ठिकाणी झाली, मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुलं झालं. मुंबई बघायला आलेल्या शाळेच्या सहलीत राणीच्या बागेच्या जोडीला ते असायचंच. घरात टाकी ठेवणं मात्र तेव्हा सोपं नव्हतं. लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीनं काचा बसवायच्या. चौकट गंजायची, पुटी वाळून तडकायची, पाणी झिरपायचं. सिलिकॉन आलं आणि काचेला काच थेट चिकटू लागली. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून हव्या त्या मापाची टाकी करून घेता येते आणि छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

आपल्या नळाला कोणतं पाणी येतं?

मुरलेला छंदी नवख्याला पहिला प्रश्न विचारतो तो माशाचा नसतो. पाणी कुठलं, महापालिकेचं की बोअरचं?

मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा इथून येणारं पाणी पावसाचं साठवलेलं पाणी आहे, त्यामुळे मऊ. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बोअरचं पाणी खडकातले क्षार घेऊन वर येतं, ते जड. बादलीच्या काठावर जे पांढरं पुट चढतं, ते त्याचंच. आता निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला मासा बघा. निळी-लाल पट्टी अंधारातही चमकावी अशी. तो १९३०च्या दशकात जगापुढे आला आणि घराघरांत पोचला. त्याचं मूळ पाणी पावसाळी जंगलातलं, पानांच्या अर्कानं चहासारखं झालेलं, जवळजवळ क्षारहीन. लातूरच्या बोअरमध्ये तो झुरतो. त्याच बोअरच्या पाण्यात गप्पी आणि मॉली मात्र आनंदानं पिल्लं देतात, कारण त्यांना क्षार मानवतात.

म्हणून जाणता माणूस माशासाठी पाणी बदलत बसत नाही, नळाला येणाऱ्या पाण्याला साजेसा मासा निवडतो. वर्षभरात त्याला आपल्या गावच्या पाण्याच्या सवयी पाठ होतात. पावसाळ्याच्या तोंडाला क्लोरीनचा वास वाढतो. मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर गेलं, की मासे वर येऊन तोंड मारतात, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्या दिवसांत तो खाद्य कमी करतो, पंपाचा जोर वाढवतो आणि वीज जाण्याच्या वेळा घरच्या कोणापेक्षाही त्याला नीट माहीत असतात.

फायटरचं बाळंतपण

दुकानात रांगेनं काचेच्या ग्लासांत ठेवलेले फायटर सगळ्यांनी बघितलेले असतात. पंख्यासारखी शेपटी, निळा-तांबडा-मोरपंखी रंग. हा थायलंडकडचा, भातखाचरांच्या आणि उथळ डबक्यांच्या पाण्यातला मासा. कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात हवेतला ऑक्सिजन घेणारं एक इंद्रिय असतं, म्हणून तो ग्लासात तग धरतो. त्यावरून त्याला ग्लास पुरतो असं मानणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला दहा-पंधरा लिटर संथ पाणी द्या, वर चार पानं तरंगत ठेवा, मग तो काय करतो ते बघा.

तो पृष्ठभागावर येतो, तोंडात हवेचा घोट घेतो, लाळेत घोळवतो आणि बुडबुडा सोडतो. मग दुसरा, तिसरा. पानाच्या आडोशाला दिवसभरात बोटभर जाडीचं फेसाळ घरटं तयार होतं. मादी तयार असेल तर तो घरट्याखाली तिला अंगाचा विळखा घालतो. क्षणभर दोघंही निश्चल होतात आणि मोहरीहून लहान पांढरी अंडी खाली ओघळू लागतात. विळखा सुटताच नर झेपावतो, पडणारं एकेक अंडं तोंडात झेलतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत चिकटवतो. हे तासन् तास चालतं. अंडी संपली, की तो मादीला पिटाळून लावतो. तिला त्याच वेळी बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो तिला फाडतो.

पुढचं सगळं बापाकडे. तो खातपीत नाही, घरट्याखालून हलत नाही. फुटलेल्या बुडबुड्याच्या जागी नवा लावतो. दीड-दोन दिवसांत अंडी उबतात. केसासारखी पिल्लं शेपटी खाली लोंबकळत घरट्याला चिकटलेली दिसतात. एखादं सुटून तळाकडे बुडू लागलं, की बाप सूर मारतो, त्याला तोंडात घेतो आणि वर नेऊन पुन्हा बुडबुड्यात ठेवतो. ज्या जबड्यानं तो दुसऱ्या नराचे कल्ले फाडतो, त्याच जबड्यात ते पिल्लू सुखरूप असतं. दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहू लागली, की बापाचं काम संपलं. आता त्यालाच बाहेर काढायचं आणि पिल्लांना डोळ्यांनी न दिसणारं सूक्ष्म खाद्य द्यायचं. टाकीवर झाकण ठेवायचं, म्हणजे पृष्ठभागावरची हवा उबदार आणि दमट राहील आणि पिल्लांचं हवा घेणारं इंद्रिय नीट वाढेल.

हा सोहळा घरच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली बघता येतो. त्यासाठी कोणतंही अरण्य गाठावं लागत नाही. फक्त समोर बसून राहावं लागतं.

बसून राहणं

बसून राहण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे तपासलं गेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲरन कॅचर, ॲलन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दातांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांना आधी माशांच्या टाकीसमोर बसवलं. त्यांची धास्ती कमी झालेली दिसली. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या राष्ट्रीय मत्स्यालयात एक प्रचंड टाकी दुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्यानं पुन्हा भरली जात होती. तिथल्या २०१५च्या अभ्यासात टाकीसमोर थांबलेल्यांच्या हृदयाचे ठोके संथ झाले, आणि मासे जसे वाढत गेले तशी लोकांची मनःस्थितीही सुधारत गेली.

मला त्यापलीकडचं काही वाटतं. आपल्या दिवसातली बहुतेक नजर वाया जाते, ती घाईनं फिरते. टाकीसमोरची नजर हळूहळू बारकावे टिपायला शिकते. आज एंजलचा पर मिटलेला का? टेट्रांचा थवा कोपऱ्यात का जमलाय? खाद्य टाकल्यावर नेहमी पुढे येणारी मॉली मागे का? मासा दुखलं म्हणून ओरडत नाही. त्याची तक्रार फक्त बघणाऱ्यालाच कळते. असं बघणं अंगवळणी पडलेला माणूस घरातल्या माणसांकडेही अधिक नीट बघतो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

या नजरेची कमाल म्हणजे ताकाशी आमानो. जपानच्या निईगातातला हा माणूस आधी सायकलपटू होता, मग निसर्गाचा छायाचित्रकार झाला. टाकीत प्लास्टिकचे किल्ले आणि रंगीत खडी मांडण्याच्या काळात त्यानं दगड, ओंडके आणि जिवंत पाणवनस्पती घेऊन डोंगरउतार आणि अरण्यं रचली. मासा त्यात छोटासाच, रानात पक्षी असावा तसा. टाकी स्वच्छ ठेवायला त्यानं शेवाळ खाणाऱ्या एका कोळंबीला कामाला लावलं. आज जगभर ती ‘आमानो श्रिंप’ म्हणून विकली जाते. लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची पाण्यातली अरण्यं उभी करून २०१५मध्ये तो गेला. मुंबई-पुण्याच्या दुकानांत आज बारीक पानांच्या वनस्पती आणि कार्बन डायऑक्साइडचे छोटे सिलिंडर विकत मिळतात, ते त्याच्यामुळे.

टाकीबाहेरचं पाणी

आता छंदाची काळी बाजू, कारण प्रेम असेल तर ती सांगायलाच हवी.

‘काच साफ करतो’ म्हणून बोटभर सकर विकत घेतला जातो. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा फूट-दीड फूट वाढतो. टाकीत मावेनासा झाला, की मारायचं मन होत नाही, म्हणून माणूस त्याला तलावात किंवा नदीत सोडून देतो आणि पुण्य केलं असं समजतो. तिथे तो स्थानिक माशांचं खाद्य संपवतो, काठ पोखरून बिळं करतो आणि मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून जाळी फाडतो. उजनीच्या जलाशयातले मच्छीमार त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात आणि त्याच्यापायी हैराण आहेत. गप्पीचंही तसंच. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचत आपण मोठे झालो. पाण्याच्या टाकीत, हौदात तो डासांच्या अळ्या खातो हे खरं. पण नदीत तो परकाच, आणि मुळा-मुठेत तो आज घर करून आहे.

दुसरी बाजू ओरबाडण्याची. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या झऱ्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा राहतो, बाजारातलं नाव ‘मिस केरळा’. फ्रान्सिस डे यानं १८६५मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली होती. १९९७मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात तो गाजला, परदेशातून मागणी वाढली आणि रानातून त्याचा उपसा सुरू झाला. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते, २०१३मध्ये त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत ठेवलं. समुद्री माशांची स्थिती आणखी नाजूक. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे पैदास केंद्रांतून येतात, तर प्रवाळांतले बहुतेक अजूनही समुद्रातून पकडले जातात आणि काही देशांत ते सायनाइड फवारून पकडले गेले आहेत.

पण हाच छंद रान वाचवूही शकतो. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाचं पोट बरंचसं कार्डिनल टेट्रावर चालत आलं आहे. नदीकाठचं जंगल राहिलं तर मासा राहील, म्हणून लोक जंगल राखतात. ‘प्रोजेक्ट पियाबा’ हे काम याच पायावर उभं आहे. आपल्याकडे कांदळवन प्रतिष्ठान किनारपट्टीच्या गावांतल्या बचत गटांना शोभिवंत मासे वाढवण्याचं शिक्षण देतं, आणि ऐरोलीच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते. टाकीत वाढलेला एकेक क्लाउनफिश म्हणजे प्रवाळातून न उपसलेला एक मासा.

आणि विज्ञान? दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारा पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२मध्ये नोंदवलेला. ओरेगॉनच्या जॉर्ज स्ट्राइसिंगरनं अनुवंशशास्त्रासाठी तो निवडला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात असल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत तो आज टाक्यांच्या रांगांमध्ये पोहतो. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा कशा भरून येतील, याचा एक धागा आघारकर संस्थेतल्या संशोधकांना याच माशात मिळाला.

म्हणून ज्यांना हा छंद लागावा असं वाटतं, त्यांना माझं सांगणं एवढंच. टाकी आणा, मासे महिन्याभरानं आणा. दुकानदाराला विचारा, हा मासा पैदाशीचा की पकडलेला, आणि मोठा झाल्यावर केवढा होतो. नको झालेला मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या छंदी माणसाला द्या, नदीत कधीही सोडू नका.

शाळांसाठी मात्र आणखी एक मागणं आहे. प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात एक टाकी असावी आणि तिचं पाणी मुलांनी दर आठवड्याला तपासावं, अमोनिया किती, नायट्रेट किती. वर्षअखेरीस त्याच मुलांना तोच थेंबांचा किट घेऊन गावच्या ओढ्यावर न्यावं. टाकीतल्या दोन गप्पींसाठी जे पाणी चालत नाही, ते आपल्या नदीत वाहतंय, हे त्यांना कोणा तज्ज्ञानं सांगावं लागणार नाही. ते स्वतः मोजतील. आणि आकडे हातात असलेली पोरं ग्रामसभेत प्रश्न विचारायला घाबरत नाहीत.